पाळीची मोटर

गेममध्ये हिंदुराव काका पुन्हा बुडाले.

गावच्या विकास सोसायटीच्या ओट्यावर हशा पिकला. "काय हिंदुराव," मुक्ताबाई म्हणाल्या, "सकाळपासनं किती येळा मेला तुमी? एकदा तरी तेराव्याचं जेवाण घाला की आमाला." बोलल्या आणि माझ्याकडे लक्ष जाताच त्यांनी पदर तोंडाला लावला. मी हसले. हसले नसते तर खेळ तिथंच थांबला असता.

लासुर्ण्यापासून जवळ, नीरेच्या काठी आमचं गाव आहे. नदीवरची मोटर चार घरांत सामाईक: आमचं, मोहनरावांचं, विजयसिंहांचं आणि मुक्ताबाईंचं. उसाला पाणी पाळीनं द्यायचं, आणि वरच्या धरणातून पाणी सुटलं तर ज्या घराची पाळी त्यानं मोटर खोलून वर ओढायची, अशी इथली रीत. दोन वर्षांपूर्वी पाळी आमची होती. माझे वडील, तात्या, पान्हा घेऊन उतरले आणि काठाची माती खचली. आता आमच्या घराची पाळी त्यांचे धाकटे भाऊ, हिंदुराव काका, सांभाळतात. गेल्या पावसाळ्यात तेही उतरले होते. ते वर आले.

बारामतीच्या एका लहान कंपनीत मी शिकवण्यासाठीचे मोबाइल गेम तयार करते. काकांनी ह्या पावसाळ्यात उतरू नये, एवढ्यासाठी हा गेम केला होता. कंपनीत तेच जरा मोठ्या शब्दांत सांगितलं होतं.

गेममध्ये एक घर, दावणीला जनावरं, खाली नदी. पाणी वाढत जातं आणि आधी काय करायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. ह्यात गावाला शिकवण्यासारखं फारसं नव्हतं. सगळ्यांनी गुरं सोडली, मेन स्विच बंद केला, रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं, म्हातारीला आधी ट्रॉलीत बसवलं. भराभर गुण मिळवले. आणि मग एकजात सगळे मोटर काढायला गेले आणि बुडाले.

"काका, एकदा मोटर सोडून बघा," मी म्हणाले.

"बघू की." काकांनी पडद्यावरचा माणूस उंचावरच्या शाळेकडे वळवला. "हे बघ, निघालो."

मागून विजयसिंह वाकून बघत होते. "आँ! पाळी तुमची आन् शाळंत निघाला व्हय? मग आमचा ऊस काय हवा खाऊन वाढायचा?"

काकांचा अंगठा थांबला. माणूस माघारी फिरला, नदीवर गेला, बुडाला.

ह्या वेळी मी हसले नाही. मोटर चित्रातली, नदी चित्रातली, तरी एका टोमण्यावर काका परत फिरले होते. धोक्याच्या लाल रेषा, भोंगा, सूचना, सगळं मी नीट घातलं होतं. तात्यांना धोका कळला नसेल, असं धरून मी तो गेम बांधला होता. पण नदी तर ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगली ओळखत होते. त्यांना माघारी फिरायची सोय नव्हती.

बारामतीला परतल्यावर मी गेम मोडला आणि नव्यानं बांधला. आता तो चार मोबाइलवर मिळून खेळायचा. पाणी खाली असतानाच चौघं एकत्र गेले तर मोटर वर येते. उशीर झाला तर पाळीवाल्याला परत फिरता येत नाही, बाकीच्या तिघांनी 'राहू दे' दाबेपर्यंत. एकानं जरी नाही दाबलं, तरी पाळीवाला खाली उतरतो, आणि तो बुडाला की चौघांचाही डाव संपतो.

"किचकट होतंय," आमचे साहेब म्हणाले.

"गावात मोटर एकट्याची नसते," मी म्हणाले. त्यांनी थोडा विचार केला आणि हेच पुढे न्यायला सांगितलं.

दुसऱ्यांदा ओट्यावर बसलो तेव्हा पाळी काकांना आली. पाणी चढलं. मुक्ताबाईंनी दाबलं. विजयसिंहांनी "ऱ्हाऊ द्या, हिंदुराव, लई उपकार झालं," म्हणत दाबलं. मोहनरावांचा अंगठा तसाच अधांतरी.

"दाबा की वो," मुक्ताबाई म्हणाल्या.

मोहनराव पडद्याकडे बघत राहिले. "त्या दिशी तात्याला असं कुणी म्हनलं न्हाय," ते म्हणाले. "त्याची पाळी हाय, त्यो बघंल, म्हणून आमी समदी घरात बसलो."

काकांनी मान खाली घातली. उत्तर माझ्याकडूनच हवं होतं, हे मला कळत होतं.

"मोहनकाका, पाणी वाढतंय," मी म्हणाले. "दाबा."

त्यांनी दाबलं.

भाद्रपदात घाटात पाऊस कोसळला आणि एका दुपारी पाणी सोडल्याचा निरोप आला. तो निरोप गावात पोचेपर्यंत नदी काठ चढली होती. पाळी आमच्या घराची होती. मी ऑफिसातून काकांना फोन लावला; व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. मी लावत राहिले.

शेवटी लागला. "काय लावलंय तुमी समद्यांनी!" काका खेकसले. "मोहनरावाचा फोन, विजयसिंहाचा फोन, ही मुक्ताबाई तर उंबऱ्यातच येऊन बसलीया. मला परसाकडं जायाचीबी चोरी!"

"मोटर?"

"हाय तितंच. पाण्यात." मग जरा थांबून, हळू आवाजात, "चांगली मोटर व्हती गं."

मागून मुक्ताबाईंचा आवाज आला, "माणूस त्याहून बरा हाय म्हणावं, थोडासाच." काका हसले. आधी फोनपासून तोंड फिरवून, मग मोकळेपणानं.

"पाणी उतरलं की चौघं मिळून काढू, आसं ठरलंय," ते म्हणाले. "मोहनराव टॅक्टर आणतोय. ठिवू का आता?"

"ठेवा."

मी थोडा वेळ खिडकीपाशी उभी राहिले. तात्यांच्या वेळीही एवढंच पुरलं असतं, दोन फोन आणि उंबऱ्यात बसलेलं एक माणूस, असं मनात आलं. ते तसंच राहू दिलं. पुढच्या आठवड्यात हा गेम घेऊन वरकुट्याला जायचं होतं. तिथं मोटर किती घरांत असते, पाळी कशी लावतात, हे आधी विचारायला हवं होतं. मी तिथल्या ग्रामसेवकांना फोन लावला.