पहिली खुंटी

आमच्या कचेरीत आठ हेल्मेटं आणि सात खुंट्या होत्या. हे गणित ज्याला कळलं, त्याला आमची कचेरी कळली.

काम म्हणाल तर जुने, फाटायला आलेले नकाशे शाईने नव्या कागदावर हुबेहूब उतरवायचे. एकदा कुणीतरी भिजलेलं हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि त्याच्या ओघळात तीन आठवड्यांचं काम, टेकड्या-नाल्यांसकट, निळं डबकं होऊन बसलं. साहेबांनी त्याच दिवशी भिंतीत सात खुंट्या ठोकून घेतल्या, कारण तेव्हा गाडीवाले सात होते. यापुढे टेबलावर हेल्मेट दिसलं तर खिडकीतून खाली, असं बजावलं. दोन हेल्मेटं खाली गेली, तेव्हा नियम सगळ्यांना पाठ झाला.

खुंट्यांना मानपान चिकटायला वेळ लागला नाही. दाराजवळची पहिली सगळ्यांत जुन्या माणसाची आणि हात धुवायच्या बेसिनजवळची सातवी सगळ्यांत नव्याची. तिथलं हेल्मेट कायम ओलं. कुणी निवृत्त झालं की मागचे सगळे एकेक घर पुढे. खुंटी सलग तीन दिवस रिकामी दिसली तरी पुढे. हा नियम साहेबांनी केलेला नव्हता, म्हणून तो कडक पाळला जाई.

आठवा गाडीवाला म्हणजे पाहुणा. हंगामी म्हणून आला तो चार वर्षं हंगामीच राहिला, म्हणून पाहुणा. एक हेल्मेट त्याने गाडीच्या आरशावर अडकवलं, ते चोरीला गेलं. दुसरं सीटला कुलपाने बांधलं, त्यात कुणीतरी सिगारेटी विझवल्या. तिसरं तो दिवसभर दोन पायांत धरून बसे आणि उठला की हातात घेऊन फिरे. नकाशा काढताना गुडघे जुळवता येत नसत, म्हणून त्याच्या रेषा जरा फाकतात, असं आम्ही म्हणायचो.

माझ्याकडे गाडी नाही. मी हजेरी लिहितो आणि कोपऱ्यात बसतो. मला खुंटीही नाही आणि खुंटीवरून कुणाशी वैरही नाही.

पहिली खुंटी काकांची. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना काकांच्या अंगाची उजवी बाजू गेली. पाय सुधारला, हात मागे राहिला. नकाशावाल्याचा उजवा हात. तिसऱ्याच दिवशी काकू बसने आल्या, पिशवीत काकांचं हेल्मेट घेऊन.

"हे म्हणाले, तीन दिवस व्हायच्या आत लावून ये," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात बोटं येतील. हेल्मेटचा पट्टा स्वतःच्या हाताने लावता आला, की त्या दिवसापासून कामावर. तोवर हे इथे असू दे."

"असू दे की, काकू. खुंटी कुठे पळून जाते," दोन नंबर म्हणाला. दोन नंबर म्हणजे दुसऱ्या खुंटीचा मालक. पहिली मिळायची म्हणून दोन दिवस त्याची पावलं हलकी पडत होती. काकूंची पाठ वळल्यावर तो बराच वेळ त्या हेल्मेटकडे बघत राहिला.

मग सहा महिने काका हेल्मेटरूपाने हजर राहिले. "काका, आज बोलत नाही?" "काका, डोक्यावर धूळ बसली, अंघोळ करा." हसणाऱ्यांचा हिशेब मी मनात मांडला होता. काका गेले तर सहा जण एकेक खुंटी पुढे सरकणार, पाहुण्याला खुंटीही मिळणार आणि काकांची कायम जागाही. एका माणसाच्या आजारात सात जणांचं भलं. एवढं भलं तर देवालासुद्धा एका वेळी जमत नाही.

रजेचा शेवटचा दिवस उजाडला, आज रुजू झाले नाहीत तर नोकरी जाणार, आणि काका आले. केस चापून बसवलेले, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. उजवा हात खिशात.

"कसे आलात, काका?" साहेबांनी विचारलं.

"कसा म्हणजे? गाडीवर. चालवत."

"अरे वा. म्हणजे हात चालतोय."

"साहेब, जो हात रेस पिळतो त्याला रेघ जड आहे का?"

साहेब खूश झाले. रुजू करून घ्यायचा कागद त्यांनी पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. कुणी हसलं नाही. पाहुण्याच्या पायांतलं हेल्मेट फरशीवर टेकलं.

बेरीज जुळली नाही की माझ्याने गप्प बसवत नाही. खोड आहे.

"काका," मी म्हणालो, "मग डोक्यावर काय होतं? तुमचं तर इथंच आहे."

काकांनी खुंटीकडे पाहिलं. सहा महिने जागा राखली त्या हेल्मेटने, आणि आज तेच साक्षीला उभं राहिलं. "आज तसाच आलो," ते म्हणाले.

"फाटकावरचा रखवालदार हेल्मेटशिवाय साहेबांच्या मेव्हण्यालासुद्धा आत सोडत नाही," दोन नंबर म्हणाला. "तुमच्यावर बरी मेहेरबानी झाली."

साहेबांनी टोपण परत लावलं. "काका, एवढंच करा. हेल्मेट घाला आणि पट्टा लावा. मी सही करतो."

काकांनी डाव्या हाताने हेल्मेट काढलं, डोक्यावर बसवलं. उजवा हात खिशातून निघाला तो ओल्या मोज्यासारखा. डाव्या हातात खटकीचं एक टोक, उजव्यात दुसरं. टोक खटकीच्या तोंडाशी जायचं आणि घसरायचं. मी अकरा वेळा मोजलं. नवव्या वेळी ते अर्धं आत गेलंही होतं.

"सावकाश, काका. घाई कुणाला आहे?" दोन नंबर म्हणाला.

बाराव्या वेळी पाहुणा उठला. त्याने दोन्ही टोकं काकांच्या हातांतून घेतली आणि खट्‌ करून पट्टा लावला. "बसला बघा. नुसतं आत ढकलायचं होतं."

साहेबांनी कागद खणात टाकला. "तब्येतीला जपा, काका."

काका डाव्या हाताने हनुवटीखाली चाचपत राहिले. खटकी दोन बाजूंनी दाबावी लागते, ती एका हाताला दाद देईना. "हे जरा काढून दे रे," ते पाहुण्याला म्हणाले.

"राहू द्या, काका. जाताना लागेलच. गाडीवर आलात ना?"

आता मात्र सगळे हसले. काका हेल्मेटसकट जिना उतरू लागले. ते पहिल्या वळणावर पोचायच्या आत दोन नंबरचं हेल्मेट पहिल्या खुंटीवर गेलं, मग तिसऱ्याचं दुसरीवर, आणि असं करत ओल्या बेसिनपर्यंत. सातवीवर पाहुण्याने आपलं टांगलं आणि ते नीट बसलंय का म्हणून दोनदा हलवून पाहिलं.

आम्ही खिडकीशी गेलो. रस्त्यापलीकडे बसच्या थांब्यावर काकू बसून होत्या. काका येताना दिसले तशा त्या उठल्या. काकांचं तोंड काचेआड होतं, ते काही त्यांना दिसलं नसावं. त्यांना दिसला तो पट्टा. त्यांनी जवळ जाऊन हनुवटीखालच्या खटकीला हात लावून पाहिला, ओढून पाहिला. चांगला घट्ट होता.

मग त्यांनी वर आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि पोर पास झालेल्या आईसारखा हात हलवला.

पाहुण्याने लगेच वरून दोन्ही हात हलवले. चार वर्षांत पहिल्यांदाच ते मोकळे होते.