एकाहत्तर, बासष्ट, तीस, अठ्ठावीस, तीन

रामकुंडाजवळ बसणाऱ्या एका आकडेवाल्यानं वाल्मीकअण्णांच्या डोक्यात भुंगा सोडला. घरातल्या सगळ्यांची वयं एका ओळीत मांडायची. त्या संख्येला दुसरी कुठलीच संख्या भागत नसेल, तर ते घर कधी फुटत नाही म्हणे! अण्णा एकाहत्तरचे, सिंधुबाई बासष्टच्या, मुलगा नवनाथ तीस, सून निकिता अठ्ठावीस, नात तेजल तीन. झाली संख्या ७१६२३०२८३.

"तू गणिताची बी.एस्सी. हायेस," अण्णा सुनेला म्हणाले. "बघ बरं, भागती का."

"बघते," म्हणत निकितानं संख्या मोबाईलमध्ये टिपून घेतली. नवनाथला पुण्यात नोकरी लागली होती, एक तारखेला हजर व्हायचं होतं आणि हे म्हाताऱ्याला सांगायची दोघांचीही छाती होत नव्हती. तो म्हणायचा, तू सांग. ती म्हणायची, वडील तुझे आहेत. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

नेटवर उत्तर एका टिचकीत मिळालं असतं. पण उत्तर हवं होतं कुणाला? भागाकार चालू आहेत तोवर सांगणं लांबतंय, एवढंच तिला कळत होतं. अंकांची बेरीज बत्तीस, म्हणजे तीननं जात नाही. सातनं नाही, अकरानं नाही, तेरानंही नाही. मग मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर एकेक मूळ संख्या घालणं सुरू झालं. एक हात तव्यावर, एक मोबाईलवर. भाकऱ्या करपायला लागल्या तशा सिंधुबाई करवादल्या, "अगं, लक्ष कुठं हाय तुझं?"

अण्णा रोज दुकानाला निघताना चपला घालता घालता विचारायचे, "भागली का गं?" ती "अजून नाही" म्हणाली की त्यांचा चेहरा उजळायचा. त्या उजळण्याची तिला चीड यायची, आणि चीड आल्याची लाज.

दहा हजारांपुढं गेल्यावर ती कंटाळली. नाहीच भागत म्हणून सांगून मोकळं व्हावं, असं मनाशी ठरवत तिनं १००३७ घातले, आणि उत्तरात दशांशचिन्हच आलं नाही. नुसते ७१३५९. तेही तपासलं. मूळ संख्या!

तरीही खोटंच बोलायचं ठरवून ती डबा घेऊन पंचवटीतल्या दुकानात गेली. अण्णा कापराच्या पुड्या लावत होते. त्यांनी वर पाहिलं मात्र, आणि तिची जीभ काही वळेना.

"भागते, अण्णा."

"किती भाग?"

"दोनच. ते पुढं भागत नाहीत." मग घाईघाईनं म्हणाली, "पण त्या आकडेवाल्याचं काही खरं नसतं हो!"

"त्याचं नसंल. पर नवनाथ फोनवर पुण्याच्या खोलीचं बोलत होता, ते तर खरं हाय ना?"

निकिताला रडूच कोसळलं. "माहीत होतं, तर मग मला कशाला बसवलंत भागाकार करायला?"

अण्णांनी डबा हातात घेतला, पण उघडला नाही.

"मला वाटलं, तू आपणहून सांगशील. रोज इचारत होतो की मी."