सुंभ न झालेला दोर

मला जुना म्हणा, मित्रांनो, मला राग नाही. कुजका मात्र म्हणू नका. मी कळव्याच्या खाजणात रुतलेल्या गाड्या ओढून काढणारा काथ्याचा दोर आहे आणि अजून कामावर आहे.

माझा जन्म मालवणाकडच्या एका खाडीकाठी झाला. नारळाची सोडणे, म्हणजे वरची जाड साले, चिखलात पुरली होती. कित्येक महिने ती खाऱ्या पाण्यात मुरली. मग बायकांनी ती उपसली आणि लाकडी दांडक्यांनी बडवली. मार खाताना मी कण्हलो असे कोणी सांगितले तर ते खोटे समजा. मार खाल्ल्याशिवाय काथ्या मोकळा होत नाही. त्याच बायकांनी पीळ घालून माझे पेड वळले, तीन पेडांचा एक दोर केला, आणि एका पडावातून मी कल्याणच्या बंदराला लागलो.

बंदराजवळ त्र्यंबकशेटचे दुकान होते. तिथे माझ्या एका बाजूला तागाचे गोरे, मऊ दोर होते आणि दुसऱ्या बाजूला तेल लावलेली लोखंडी साखळी. गिऱ्हाईक आले की आधी साखळीला हात लावी. मी खरखरीत, तांबूस. माझ्याकडे कोणी पाहत नसे.

एके दिवशी कळव्याचा काळुराम आला. तो मिठागरात काम करी. मिठागरातून आगगाडीच्या धक्क्यावर मीठ न्यायची वाट खाजणातून जात होती. खाजण म्हणजे खाडीलगतची चिखलट जमीन. ओहोटीला ती उघडी पडे, भरतीला पाण्याखाली जाई. तिथे भरलेल्या गाड्या रुतत. आपले बैल नेऊन त्या बाहेर काढणे हे काळुरामचे काम. त्याचा आधीचा दोर झिजला होता. सोबत त्याची मोठी मुलगी होती, मालन.

"साखळी न्या," शेट म्हणाला. "हत्ती बांधा, तुटायची नाही."

"कळव्यात हत्ती कुठला आलाय शेट? माझे बैल हायेत. साखळी जरा म्हणून ताणत नाय. हिसका बसला की बैलाचा खांदा जातो, नायतर गाडीची दांडी."

"मग तागाचा घ्या. हात लावून बघा किती मऊ."

"मऊ हाय. पाळण्याला बरा. खाऱ्या पान्यात कुजंल."

मग त्याने मला उचलले. पीळ उकलून आतला काथ्या पाहिला. आत ओल धरली आहे का, म्हणून नाक लावून वास घेतला. दुकानाच्या खांबाला माझे एक टोक बांधले आणि दुसऱ्या टोकाला धरून तो मागे रेलला. मी ताणलो. त्याने सोडले तसा परत आलो. पुन्हा रेलला, पुन्हा सोडले.

शेट कंटाळला. "अहो काळुराम, दोर घ्यायला आलात की जावई बघायला?"

मालन चटकन म्हणाली, "जावई इतका बघितला असता शेट, तर मी माहेरी परत कशाला आले असते?"

दुकानातली माणसे हसली. काळुरामही हसला, पण थोडा उशिरा. मग मालनच्या हाती माझे टोक देऊन म्हणाला, "तूच बघ बाय. ताणतो, आनि परत येतो. चिखलातून गाडी काढायला असाच लागतो."

दयेपोटी मला कोणी घरी नेले नाही, मित्रांनो. मला पारखून नेले.

पुढची वर्षे कामाची होती. रुतलेल्या गाडीच्या दोन्ही चाकांमधला जो आस असतो, त्याला काळुराम मला बांधी. दांडीला कधीच नाही. माझे दुसरे टोक बांधावर, घट्ट जमिनीवर उभ्या असलेल्या बैलांकडे जाई. मग तो भिजवलेले गोणपाट माझ्या मध्यावर टाकी. मी तुटलोच तर त्या ओझ्याने खाली पडावे, कोणाच्या तोंडावर उडू नये म्हणून. पहिल्यांदा मला तो अपमान वाटला. नंतर कळले, की माझ्यावर विश्वास असूनही तो माणसांचा जीव माझ्या भरवशावर सोडत नव्हता. गोणपाट भिजवायचे काम मालनचे. ती माझी गाठ मारायला शिकली, सोडायला शिकली, काम झाल्यावर मला सावलीत वाळवायला शिकली. गाडीवाले म्हणत, "काळुरामाचा दोर हाय तवर खाजणाला भ्यायचं नाय." मला ते आवडे.

एका भाद्रपदात काळुराम तापाने गेला. सकाळी त्याने बैलांना हाक मारली होती. दुपारी तो नव्हता. याहून जास्त मी सांगणार नाही.

अंगणात बांबू आणले. तिरडी बांधायला सुंभ, म्हणजे काथ्याची बारीक दोरी, घरात नव्हती. काळुरामचा धाकटा भाऊ भिवा म्हणाला, "सुंभासाठी खाडीपलीकडं कोन जाईल? पानी चढतंय. ह्या दोराचे पेड सोडवा, तुकडे करा." आणि त्याने कोयता उचलला.

मालन आतून आली आणि माझ्यावर पाय रोवून उभी राहिली.

"काका, ह्या दोराला कोयता लागायचा नाय."

"अगं, त्याचाच दोर ना? त्याच्यासंग गेला तर त्याला बरंच वाटंल."

"माझ्या बाला काय बरं वाटंल ते मला ठावं हाय."

तिने विहिरीवरचा पोहऱ्याचा दोर काढून आणला आणि अंगणातच बसून उसवायला घेतला.

"मग पानी कशानं काढशील?" भिवाने विचारले.

"ते माझं मी बघीन."

शेजारची रंगूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "बघा गं बाया, बापूस गेल्याचं नाय, हिला दोराचं पडलंय!"

मालनने पुढचा पेड उसवायला घेतला. तिची बोटे काथ्याने सोलली होती, तरी ती थांबली नाही. मी तिच्या पायाशी पडून होतो. तिला काय झाले होते ते मला दिसत होते. ते मी रंगूबाईला सांगणार नव्हतो आणि तुम्हालाही सांगणार नाही.

पुढे भिवाने काळुरामचे काम आपल्याकडे घेतले. मालन म्हणाली, "बैल माझ्या दावनीला हायेत, दोर माझ्याकडं हाय. काम मी करीन." भिवा हसला. "बाईमानूस खाजनात गाड्या काढनार? गाववाले माझ्या तोंडात शेन घालतील." त्याने दुसरे बैल घेतले आणि नवी साखळी आणली. मी खुंटीवर गेलो. येणारे-जाणारे म्हणत, कुजला असेल. काथ्या कोरडा पडून ठिसूळ होऊ नये म्हणून मालन मला दर उधाणाला खाडीत बुडवी आणि सावलीत वाळवी. मी मनात म्हणे, बोला तुम्ही. माझा पीळ जागेवर आहे.

मग अमावास्येचे उधाण आले. भिवाने घाई केली आणि मीठ भरलेली त्याची स्वतःचीच गाडी खाजणाच्या मध्यावर आसापर्यंत रुतली. बैल सोडवून घेतले, पण गाडी हलेना. त्याने गाडीच्या दांडीला साखळी बांधली आणि बांधावरून बैलांना हाकलले. हिसका बसला. दांडी मोडली, साखळीची कडी तुटली आणि तुटके टोक भिवाच्या कानाजवळून जाऊन चिखलात घुसले. भरतीचे पाणी चाकांना लागले. आता मीठ विरघळणार आणि गाडीही जाणार, हे सगळ्यांना दिसत होते.

मालन बापाचे बैल घेऊन आली. मी तिच्या खांद्यावर होतो.

"परत जा," भिवा ओरडला. "तुटंल तो! वरीसभर लटकलाय."

"तुटला तर तुटंल. तुमची साखळी कुठं ऱ्हायली?"

ती कमरेइतक्या चिखलात उतरली. हाताने चिखल उपसून तिने मला आसाला बांधले. मध्यावर भिजवलेले गोणपाट टाकले. "बाजूला व्हा सगळे. काका, तुमीबी." भिवा बाजूला झाला.

तिने बैलांना हिसका देऊ दिला नाही. सावकाश पुढे घेतले. मी ताणलो. आणखी ताणलो. माझ्या अंगातून पाणी पिळून निघाले. एक पेड तुटला, त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कोणीतरी "गेला!" म्हणाले. मी गेलो नाही. मालन बैलांच्या कानाशी बोलत राहिली आणि मी उरलेल्या दोन पेडांवर धरून राहिलो. मग चिखलाने एकदम गाडी सोडली आणि ती पाणी निथळत बांधावर आली.

दुसऱ्या दिवशी भिवा हळद-कुंकू आणि झेंडूचा हार घेऊन दारात आला. म्हणाला, "दोर देवळात टांगू. मान करू त्याचा. भावाचं नाव ऱ्हाईल."

मालन ओसरीवर माझा तुटलेला पेड उसवत बसली होती. नवा काथ्या शेजारी भिजत होता.

"देवळात नको, काका. हार बैलांना घाला. मला ह्याचा पेड बदलायचाय, पुनवेच्या उधाणाआत."

भिवाने हार ओसरीच्या कडेला ठेवला. मग खाली बसला आणि काथ्या पिंजू लागला.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाच्या हातचे काही उरले असेल तर त्याला खुंटीवर टांगून नमस्कार करू नका. त्याला उन्हात टाकू नका, दगडावर फरफटवू नका. झिजला असेल तो पेड बदला आणि त्याला कामाला न्या. आम्ही दमतो, हे खरे आहे. पण निवृत्ती आम्ही मागितलेली नाही.

आता खाजणात गाडी रुतली की माणसे आमच्या दारी येतात. "दोर द्या" म्हणणाऱ्याला दोर मिळत नाही. "मालन, चल" असे म्हणावे लागते.