लूम थांबले की

आमच्या इमारतीत खाली कापड विणणारे चोवीस लूम आणि वर सहा बिऱ्हाडं. उतरायला जिना एकच, पुढचा. मागेही लोखंडी जिना होता, पण वरून त्याच्याकडे जाणाऱ्या दाराला मालक मोहिउद्दीन शेठनी कुलूप घातलेलं, आणि दारापुढे सुताच्या रिकाम्या बॉबिनची पोती.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माझी चिमी सहा महिन्यांची. पुढच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीत सुताच्या गोदामाला आग लागली आणि बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकला. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच, तसं इथं झालं तर चिमीला घेऊन मी उतरू कुठून? बीएला भूगोल होता माझा, शहर कसं वसवावं यावर एक आख्खा धडा होता. वहीत इमारतीचा नकाशा काढला, कुणी कुठून उतरायचं त्याचे बाण दाखवले.

"शहर नंतर वसव," आमचे हे, केसरीनाथ म्हणाले, "आधी कुकर उतरव."

मी नकाशा घेऊन शेठकडे गेले. तेही वरच राहायचे, शेवटच्या खोलीत.

"अगो बाय," शेठ हसले, "दार उघडून उपयोग काय? तुझ्या हाकेला कोण बाहेर येणार? पाच मिनिटांत सगळ्यांना बाहेर काढून दाखव. पोती मी स्वतः हलवतो."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून थाळी बडवली. हात दुखेपर्यंत. खाली लूमचा खडखडाट. माझी थाळी मलाच ऐकू येईना. बाहेर आल्या फक्त सासूबाई, आक्का.

"भांडीवाला आलाय का गं?"

"आग लागलीय, आक्का! म्हणजे, लागली असं समजायचं."

"मग भाजी घेऊन येते, थांब. चुलीवर हाय."

आठवडाभर सगळे मला 'थाळीवाली बाय' म्हणत होते. शेठची बायको जुबैदाखालाही. मी हिरमुसून तिच्याकडे बसले होते, चिमी मांडीवर गाढ झोपलेली. तेवढ्यात लाईट गेली. लूम थांबले आणि चिमी दचकून रडायला लागली. समोरच्या चंपानं खिडकीतून डोकं काढलं. रातपाळी करून झोपलेला राघोसुद्धा डोळे चोळत दारात आला.

"माझी पोरं पण अशीच," जुबैदाखाला म्हणाली. "आवाजात झोपायची, आवाज गेला की उठायची."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला कळलं.

"लूमचा मेन स्विच मी ओढते," ती म्हणाली. "मला कोण रागावणार?"

गुरुवारी, पुन्हा अकराला, खालाने खाली जाऊन मेन ओढला. चोवीस लूम एकदम गप्प. मी चिमीला कडेवर घेऊन घड्याळ धरलं. मिनिटभरात सहाही बिऱ्हाडं बाहेर. "काय झालं?" "फ्यूज उडाला काय?" एकाच वेळी सगळे जिन्यावर, आणि खालून कारागीर वर विचारायला. मधोमध आक्का, हातात भाजीचं पातेलं. कुणालाच वर जाता येईना की खाली.

सगळ्यांच्या मागे शेठ, अर्धा कप चहा हातात.

"अरे सरका! माझे लूम बंद पडलेत!"

"सरकू कुठं, शेठ?" राघो ओरडला. "तुमच्या बॉबिनवर?"

"मागचं दार उघडा कुणीतरी!"

"किल्ली कुणाकडे?" मी विचारलं.

शेठनी बंडीचा खिसा चाचपला. किल्ली तिथंच होती.

मग त्यांनी पोती ओढली, एकट्याने, कारण बाकीचे हसत होते. कुलूप गंजलेलं, तीनदा झटकल्यावर निघालं. लोखंडी जिन्यावरून पहिले उतरले ते शेठच. खाली मेनपाशी स्टुलावर खाला बसलेली.

"लाईट गेली नाही," ती म्हणाली. "मी घालवली."

मी चिमीला घेऊन त्याच जिन्यानं उतरले. पायऱ्या हलत होत्या, पण उतरले.

"किती मिनिटं?" शेठनी विचारलं.

"सगळे एका मिनिटात बाहेर. तुम्हाला सहा लागली."

"माझी पोती मोजू नकोस त्यात." त्यांनी कुलूप माझ्या हातात ठेवलं. "घे, पोरीला खेळायला. आणि उद्या वेल्डर बोलावतो, या पायऱ्या बघायला."