मंगलीचा समुद्र

पोंभुर्ण्याच्या गुलाब मंडपवाल्याची माय मंगली मूळची सिरोंच्याच्याही पलीकडची. लग्न होऊन इकडे आली, ती पुन्हा माहेरी गेली नाही. माहेर कुठलं विचारलं की एकच सांगायची, "माह्यं गाव समुद्रात बुडालं." लोक हसायचे. चहूकडे जंगल, इथे समुद्र कुठला? पाण्याखाली अजून ढोल वाजतात, असंही ती सांगे. गुलाबला ती लहानपणीची गोष्टच वाटायची.

यंदा ती आजारातून उठली आणि हट्टाला पेटली. "मले एकडाव गावाले नेऊन दे."

गुलाबने बल्लारशाहून गाडी धरली आणि तिला थेट विशाखापट्टणमला नेलं. लाट पायाला लागताच मंगली मागे सरली.

"हे काय हाय रे?"

"समुद्र, माय. तुहा समुद्र."

"हा नाई. आमच्या समुद्राले पाळ होती. पाळीवर चिंचा होत्या."

समुद्राला कसली पाळ, कसला बांध? गुलाबचं डोकं भणाणलं. मायचं वय झालं, तिला भ्रम होतो, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण चिंचा काही डोक्यातून जाईनात.

महिन्याभराने तो तिला घेऊन सिरोंच्याला गेला. चहाच्या टपरीवरच्या बाईला ही सारी हकीकत सांगितली, तशी ती म्हणाली, "अरे भाऊ, तेलुगूत मोठ्या तलावालेच समुद्रम् म्हणतात. नदीपल्याड असे लय हायेत."

जीप करून दोघं नदीपल्याड गेली. पहिल्याच तलावाच्या पाळीवर चिंचा दिसल्या. मंगलीने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि हमसून रडली. "इथीच. त्या खडकापाशी आमचं घर होतं." गुलाबलाही रडू आलं. पण गावकऱ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. तलाव राजाच्या काळचा, इथे कधी गाव नव्हतंच. पाळ वाढवली तेव्हा एक वस्ती बुडाली खरी, पण ती पुढच्या तलावात.

पुढच्या तलावावर झाड नव्हतं, खडक नव्हता. नुसतं पाणी. मंगलीने तिथेही पाणी डोळ्यांना लावलं.

"हाच," ती म्हणाली.

"माय, मंघा तर त्याले म्हणत होतीस!"

"तोई हाच होता."

गुलाबच्या पिशवीत एकच नारळ होता. नारळ हातात धरून तो पाळीवर उभा राहिला. इथे फोडावा की तिथे, काही सुचेना. शेवटी मंगलीनेच नारळ घेतला, दगडावर फोडला, खोबऱ्याचा एक तुकडा पाण्यात टाकला आणि उरलेलं खात खात जीपकडे चालू लागली.

घरी पोचल्यावर गुलाबच्या बायकोने, सुगंधाने दारातच विचारलं, "सापडलं का जी गाव?"

गुलाबने मायकडे पाहिलं.

"सापडलं," मंगली पदराने तोंड पुसत म्हणाली. "सारे बरे हायेत."

सारे म्हणजे कोण, हे विचारायचं गुलाबच्या ओठांवर आलं होतं. पण ती तोवर आत जाऊन आडवी झाली होती.