खजुराच्या दोन बिया

मित्रांनो, माझ्यावर लोक बसले आहेत, मला चेंडूंनी बडवलं आहे, पण माझं म्हणणं आजवर कुणी ऐकून घेतलेलं नाही. तेव्हा आज तुम्ही तरी ऐका. मी ताकाच्या बाटल्यांचा जुना क्रेट आहे. निळा, जाळीदार, एका कोपऱ्यात तडा गेलेला. मला दार नाही, कुलूप नाही, वरून तर मी सताड उघडा आहे. तरीही माझं सगळं आयुष्य कोंडलेलं गेलं.

जन्मलो तोच मुळी एका पोलादी साच्यात. त्यातून सुटलो तो ताकाच्या कारखान्यातल्या थंडगार खोलीत जाऊन पडलो. तिथून गाडीत, गाडीतून दुकानात, दुकानातून पुन्हा थंड खोलीत. लोक ताक पिऊन तृप्त व्हायचे आणि ताकाची तारीफ करायचे. बाटल्या पोटाशी धरून आणणाऱ्याला कोण विचारतो! चार वर्षं अशी गेली. मग एक दिवस माझा कोपरा तडकला. ड्रायव्हरने मला आखातातल्या बरका गावच्या एका खजुराच्या वखारीत उतरवलं आणि तिथेच टाकून दिलं. वखारीच्या अडगळीत, फाटक्या पोत्यांखाली मी पडून राहिलो. किती दिवस, कोण जाणे. अंधारात दिवस मोजता येत नाहीत.

मला बाहेर काढलं ते तुफैलने. तुफैल मुझफ्फरगढचा. वखारीत खजूर निवडणाऱ्या तीस जणांपैकी एक. उंच, हाडकुळा आणि तोंडाने फटकळ. शुक्रवारी पहाटेच्या नमाजानंतर दोन तास वखारीचं मागचं आवार त्यांना खेळायला मोकळं असे. आवारात सिमेंट होतं, तिथे काठ्या रोवायच्या कशा? तुफैलने मला उभा केला, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि ओरडला, "घ्या, हे आपले स्टंप! बॉल क्रेटला लागला की आऊट. विषय संपला."

विषय कसला संपतो! चेंडू टेनिसचा, वरून टेप गुंडाळलेला. जोरात लागला तर ठीक, पण निसटता लागला तर गोलंदाजाला आवाज येई आणि फलंदाजाला येत नसे. एका शुक्रवारी तुफैल आणि फेनी गावचा शफिन यांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. शफिन दुसऱ्या संघाचा कप्तान, बुटका आणि हट्टी. सोडवायला गेलेल्या एकाचा दात पडला. आरडाओरडा ऐकून मालक आले. त्यांना सगळे अरबाब म्हणत. अरबाब एवढंच म्हणाले, "आवार बंद. परत भांडण होणार नाही याची हमी कोण घेतो ते सांगा, मगच उघडेन."

झालं! आवाराला कुलूप लागलं आणि मला पुन्हा अडगळीत टाकलं. ती माणसंही माझ्यासारखीच अडकली. आठवडाभर पत्र्याखाली खजूर निवडायचे, संध्याकाळी खोलीत आठ जणांनी दाटीवाटीने पडायचं आणि शुक्रवारीही त्याच भिंती. त्यांच्या जेवणाच्या वेळचा गलका मला अडगळीत ऐकू यायचा. तो हळूहळू बंद झाला. मला फार वाईट वाटलं.

आता किल्ल्या होत्या हसबूचाचाकडे. हसबूचाचा वखारीचा रखवालदार, सुदानचा, साठी उलटलेला. बसायला काहीतरी हवं म्हणून त्याने मला बाहेर काढलं आणि फाटकाशी ठेवून माझ्यावर बैठक मारली. एका दुपारी तुफैल आणि शफिन दोघंही त्याच्यापुढे येऊन उभे राहिले.

"चाचा, तुम्ही अंपायर व्हा," शफिन म्हणाला. "तुम्ही ना त्याच्या गावचे, ना माझ्या."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," चाचा म्हणाला.

"म्हणून तर हवे आहात. ज्यांना कळतं त्यांनीच दात पाडलेत," तुफैल म्हणाला.

मग माझ्या पाठीवर खजूर मांडून शिकवणी सुरू झाली. चाचा शेजारच्या विटांवर बसला. हे अकरा खजूर आमचे, हे अकरा त्यांचे. एकाने चेंडू टाकायचा, दुसऱ्याने बॅटने मारायचा. सहा चेंडू टाकले की एक ओव्हर. मारल्यावर दोघा फलंदाजांनी पळून जागा बदलली की एक धाव. जमिनीवरून भिंतीला लागला तर चार, थेट भिंतीपार गेला तर सहा.

"आणि आऊट म्हणजे?" चाचाने विचारलं.

"हवेतला झेलला तर आऊट. पळताना पोचायच्या आत क्रेटवर बॉल मारला तर आऊट. सरळ क्रेटला लागला तर बोल्ड."

"आऊट झाला की शिक्षा काय?"

"बाहेर बसायचं."

"एवढीच? आणि त्यासाठी दात पाडता?"

शफिन खाली बघत म्हणाला, "चाचा, आठवडाभर बसूनच असतो हो. शुक्रवारीही बसायचं म्हटलं की जीव जातो."

चाचाने मांडलेल्यातले दोन खजूर उचलून तोंडात टाकले. मग म्हणाला, "पण लागला की नाही हे खऱ्या खेळात ठरवतात कसं?"

तुफैलला आपलं ज्ञान पाजळायची संधी मिळाली. "खऱ्या खेळात स्टंपवर दोन छोटी लाकडं असतात, बेल्स. एक तरी पडली पाहिजे. नुसता लागून उपयोग नाही. बेल पडली नाही तर आऊट नाही!"

चाचाने तोंडातली बी काढली, मग दुसरी, आणि दोन्ही माझ्या वरच्या कडेवर ठेवल्या. "मग ह्या तुमच्या बेल्स. मी अरबाबना हमी देतो. पण याद राखा, एकानेही आवाज चढवला तर मीच कुलूप घालीन आणि किल्ली विहिरीत टाकीन."

शुक्रवार उजाडला. मी सिमेंटवर उभा, डोक्यावर दोन बिया. चाचा पलीकडच्या टोकाला, पांढऱ्या पायघोळ जलाबियात, हात मागे बांधून. पहिल्यांदा षटकार गेला तेव्हा त्याने चेंडू हरवला म्हणून कपाळाला हात लावला. सगळे हसले. खेळ रंगला.

शेवटचं षटक आलं. शफिनच्या संघाला चार धावा हव्या होत्या, जोडी शेवटची होती. फलंदाज स्वतः शफिन, गोलंदाज तुफैल. चौथा चेंडू शफिनच्या बॅटखालून सुटला आणि माझ्या तडकलेल्या कोपऱ्याला हलकेच घासून गेला.

मित्रांनो, तो मला लागला होता. अगदी नक्की लागला होता. पण माझ्या पोटात शब्द असून बाहेर यायला तोंड नाही.

"आऊट!" तुफैलचे सगळे गडी धावले.

"कसला आऊट? वारा लागला असेल!" शफिनची माणसं पुढे आली. मला घाम फुटायचा तेवढा बाकी होता. आवार जाणार, मी अडगळीत जाणार, ही पोरं पुन्हा भिंतींत जाणार.

"हटा," चाचा म्हणाला. तो सावकाश चालत आला. गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि माझ्याकडे पाहिलं. एक बी जागेवर होती. दुसरी कडेला सरकून अर्धी बाहेर लटकत होती, पण पडलेली नव्हती. चाचा सरळ झाला.

"आवाज मी ऐकला. बॉल लागला," तो म्हणाला. तुफैलचा हात वर गेला. "पण बी पडली नाही. तुफैल, तूच शिकवलंस ना मला?"

सगळे तुफैलकडे बघू लागले. त्याच्या कानशिलावरची शीर तटतटली होती. तोंड उघडलं असतं तर सगळं संपलं असतं. त्याने आवाराच्या फाटकाकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं. मग चेंडू पँटला पुसला आणि मागे वळला.

"शिकवलं मीच," तो म्हणाला. "शफिन, उभा राहा. दोन बॉल बाकी आहेत."

पुढच्याच चेंडूवर शफिनने चौका मारला. तुफैल हरला. भांडण झालं नाही आणि चाचाने त्यानंतर आवाराला कधी कुलूप घातलं नाही.

दुपारी जुमाच्या नमाजाला सगळे निघून गेल्यावर तुफैल एकटा परत आला. माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याने बोट नेमकं माझ्या तड्यावर ठेवलं, जिथे चेंडू घासला होता तिथेच. "लागला होता ना रे?" तो हळूच म्हणाला. मग स्वतःशीच हसला आणि लटकणारी बी नीट जागेवर ठेवून गेला.

मित्रांनो, तडकलेली वस्तू फेकण्याआधी एकदा तिच्यावर बोट ठेवून पाहा. आणि पंचांनी बाद दिलं नाही, तर तुफैलसारखे मागे वळा. चेंडू लागला होता, हे मी आज पहिल्यांदा सांगतो आहे. पण ते तुफैलला त्या दिवशीच कळलं होतं. आयुष्यात माझं म्हणणं ऐकणारा तेवढा एकच भेटला.