मी अडवलेला एक्का

मित्रांनो, मी एक जुना राखणदार आहे. माझ्याकडे काठी नाही, शिट्टी नाही, डोक्यावर टोपीही नाही. टोपी घालायला मुळात डोकंच नाही. मी आहे अँटीव्हायरस. दाल्मातियाच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, एका स्वयंपाकघरात, सुक्या अंजिरांच्या बरणीशेजारी एक कॉम्प्युटर आहे. त्यात माझं बिऱ्हाड. दिसत नाही म्हणून मला कोणी विचारत नाही आणि दिसलो रे दिसलो की लगेच हाकलतात. तरी मी काम सोडलेलं नाही. माझी कहाणी ऐका आणि मी चूक होतो की बरोबर, ते तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर बरोबर.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड शहरात झाला. मला घडवणारी माणसं महासंशयी. त्यांनी मला बाळकडूच संशयाचं पाजलं. ते म्हणायचे, "ओळखीचा असेल तर आत घे. अनोळखी असेल तर हुंगून बघ. आणि जो लपून ऐकतो, लपून बाहेर निरोप धाडतो आणि वर काहीच केलं नाही असा चेहरा करून बसतो, त्याला न विचारता कोठडीत टाक." हा धडा मी असा घोकला की आजही तो माझ्या अंगात भिनलेला आहे.

तिथून मी आलो बार्बा रोकोंच्या घरी. इथे म्हाताऱ्या माणसाला बार्बा म्हणतात. जन्मभर जहाजावर काढलेला हा माणूस वादळाला भ्याला नाही, पण कॉम्प्युटरचा माऊस मात्र जिवंत उंदीर असल्यासारखा दोन बोटांनी धरायचा. आल्या आल्या मी मोठा पराक्रम केला. 'तुम्हाला बोटीचं नवं इंजिन बक्षीस लागलं आहे' असा निरोप आला आणि बार्बांनी आनंदाने त्यावर बोट ठेवलं. मी झडप घालून तो चोर जागच्या जागी धरला. त्यांची नात दिंका हिने त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा बार्बांनी पाणी घातलेल्या वाईनचा ग्लास माझ्यापुढे उंचावला.

"वा रे पठ्ठ्या! असा एक माणूस जहाजावर असता तर किती बरं झालं असतं!"

त्यांची बायको उर्शुला मासे साफ करत होती. ती म्हणाली, "मला कधी पठ्ठी म्हणालास का रे? जन्म गेला तुझे मासे खरवडण्यात."

ते माझे सोन्याचे दिवस होते. पण कौतुक किती दिवस टिकतं? आम्हा राखणदारांना सतत नवं शिकावं लागतं. नवे चोर कोण, नवे सज्जन कोण, याची उजळणी लागते. मी कोपऱ्यात लहानशी खिडकी उघडून नम्रपणे विचारायचो. बार्बा ती न वाचताच बंद करायचे. 'नंतर' या शब्दावर त्यांचं बोट इतकं सरावलं की मी पुरता तोंड उघडायच्या आत माझं तोंड बंद व्हायचं. माझं शिक्षण थांबलं. शिक्षण थांबलं की संशय वाढतो, हे तुम्हीही आजूबाजूला पाहिलं असेलच.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

बार्बा रोकोंना एक भिडू होता, प्रोश्पेर. दोघे एकाच जहाजावर होते आणि म्हातारपणी एकाच टेबलावर. त्यांचा खेळ ब्रिश्कुला. चौघांचा, दोन जोड्यांचा पत्त्यांचा डाव. या खेळात भिडूला गुपचूप इशारा करण्याची मुभा असते, नव्हे, तीच खरी कला. हुकमाचा एक्का हाती असला तर ओठ मुडपायचे, तिर्री असली (या खेळात एक्क्याखालोखाल तिचाच मान) तर तोंड एका बाजूला वाकडं करायचं, राजा असला तर डोळे वर. आणि हे सगळं समोरच्या जोडीला कळू न देता. या दोघांचे इशारे अख्ख्या बेटावर कोणाला पकडता आले नव्हते.

मग द्राक्षं उतरवायच्या दिवसांत प्रोश्पेरना अर्धांगाचा झटका आला. त्यांची मुलगी कातिना त्यांना दूर राजधानीत, झाग्रेबला घेऊन गेली. जीव वाचला, पण अर्धा चेहरा ताठरला. ओठ मुडपेनात. आणि प्रोश्पेरनी बोलणंच सोडून दिलं. व्हिडिओवर यायला सांगितलं की ते भिंतीकडे तोंड करायचे. कातिना फोनवर रडायची.

"बार्बा, डॉक्टर म्हणतात, आवाज शाबूत आहे. प्रयत्न केला तरच बोलणं परत येईल. पण बाबा तोंडच उघडत नाही हो. मी काय करू?"

फोन ठेवल्यावर बार्बांनी खणातून पत्त्यांचा जोड काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "त्याला पत्ते हवेत. उर्शुला, त्याला पत्तेच हवेत."

"आणि तू इथे, तो तिथे. पत्ते काय कबुतरानं पाठवणार?"

यावर दिंकाने तोडगा काढला. ती समोरच्या किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहरात एका कचेरीत कॉम्प्युटरचंच काम करते. तिने आजोबा, प्रोश्पेर आणि समोरची जोडी अशा चौघांपुरता ब्रिश्कुलाचा गेम स्वतः बनवायला घेतला. बार्बांनी फोनवरून अट घातली, "इशारे पाहिजेत. इशाऱ्यांशिवाय ब्रिश्कुला म्हणजे मीठ नसलेलं मासळीचं कालवण. आणि ऐक, तुझी आजी समोरच्या जोडीत आहे. तिला वास लागता कामा नये."

बिचारीने तसंच केलं. एक बटण दाबलं की एक्का, दुसरं दाबलं की तिर्री. ज्याचा चेहरा हलत नाही, त्याचं बोट तर हलतं! बटण दाबलं की पडद्यावर काही दिसायचं नाही. इवलासा निरोप मागच्या दाराने भिडूकडे जायचा आणि मागे काही खूण उरायची नाही.

मित्रांनो, आता तुम्हीच सांगा. माझ्या दारात एक उपरा येतो. त्याला कोणी ओळखत नाही, त्याच्याकडे कोणाची चिठ्ठी नाही. तो प्रत्येक बटणावर कान लावून बसतो, लपून निरोप धाडतो आणि वर साळसूद चेहरा करतो. मी काय त्याला पाट मांडून जेवायला वाढू? धरली मानगूट आणि टाकला कोठडीत.

बार्बांनी गेमच्या चित्रावर बोट ठेवलं. काही झालं नाही. मी खिडकी उघडून कारण सांगितलं. सवयीने त्यांनी 'नंतर' म्हटलं.

"दिंका, तुझा गेम उघडतच नाही."

तिने पुन्हा पाठवला, मी पुन्हा धरला. तिने त्याचं नाव बदललं. नाव बदलून येणारा तर आणखी लबाड! त्यालाही आत टाकला. तिकडे कातिनाने गेम उघडून ठेवला होता आणि प्रोश्पेर रोज पडद्यापुढे येऊन बसत होते. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच ते स्वतःहून कुठे तरी बसले होते. इकडून बार्बा काही येत नव्हते.

समोरच्या जोडीत उर्शुलाबरोबर बेपो न्हावी होता. त्याचं दुकान रस्त्यापलीकडे, अगदी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. तो तिथूनच ओरडायचा, "काय रे रोको, हरायच्या भीतीनं कॉम्प्युटरचा गळा दाबलास की काय?"

"तुझी नजर लागलीय त्याला, मेल्या!" उर्शुला खिडकीतून उत्तर द्यायची. बेपोच्याच जोडीत खेळायचं होतं, तरी नवऱ्याची बाजू तिने सोडली नाही.

मग एक दिवस कातिनाचा फोन आला. "बार्बा, बाबा आज पडद्यापुढे बसला नाही. त्याला वाटतं, तुम्हाला आता त्याच्याशी खेळायचं नाही."

बार्बांनी फोन कानाशी घट्ट धरला. "असं वाटलं त्याला? माझ्याबद्दल?" आणि तो दर्यावर्दी म्हातारा हमसून हमसून रडायला लागला. मी नियमाचा पक्का, पण त्या दिवशी मलाही कसंसंच झालं.

दिंका मिळेल ती बोट पकडून आली. कोट न काढताच माझ्यापुढे बसली आणि माझी खिडकी उघडून तिने चक्क वाचली. कित्येक वर्षांत मला वाचणारी ती पहिलीच.

"अगं बाई! दिदे," तिने आजोबांना हाक मारली, "हा बघ. तुझा राखणदार! सगळे गेम याने डांबून ठेवलेत. तुला दिसलं नाही हे?"

"तो रोजच काहीतरी बडबडतो," बार्बा म्हणाले. "म्हाताऱ्यांचं कोण ऐकतं?"

तिने मला बजावलं, हा गेम चालू द्यायचा. बरं, दिला. हुकूम तो हुकूम. पण मित्रांनो, गेम चालू द्यायचा, एवढंच तिने सांगितलं होतं. लपून येणाऱ्या निरोपांबद्दल मला कोणी अक्षरही सांगितलं नव्हतं. घाईत विसरली पोरगी. माझा काय दोष?

डाव मांडला. बार्बा माझ्यापुढे, उर्शुला त्यांच्याकडे पाठ करून दिंकाचा टॅब मांडीवर घेऊन, बेपो आपल्या दुकानात फोनवर. कातिनाने समजूत घालून प्रोश्पेरना आणून बसवलं होतं आणि दोन्हीकडे फोन लावून टेबलावर ठेवले होते, म्हणजे गप्पा ऐकू येतील. गप्पा कसल्या! बार्बा एकटेच बोलत होते.

"प्रोश्पेर, इथे जोराचा वारा सुटलाय बघ. तुझी होडी मी वर ओढून ठेवलीय. ऐकतोयस ना?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. पण पानं पडत होती. सावकाश, एकेक करून, पण पडत होती.

आणि मग तो हात आला. बेपोने राजा टाकला. आता पाळी बार्बांची. त्यांच्याकडे त्याच रंगाचा एक्का होता, खेळातलं सगळ्यात जास्त गुणांचं पान, पण हुकमाच्या साध्या पानानेही मरणारं. टाकावा की राखावा? तो हात कोण उचलेल, यावर सगळं होतं. शेवटचं पान प्रोश्पेरचं. आणि प्रोश्पेरच्या हातात हुकमाचा एक्का होता!

त्यांनी बटण दाबलं. 'टाक भारी पान, हात माझाच' असा तो इशारा. निरोप झाग्रेबहून निघाला, डोंगर आणि समुद्र ओलांडून माझ्या दाराशी आला. लपून, पाय न वाजवता. मी त्याला तिथेच धरला.

बार्बा वाट बघत राहिले. इशारा नाही म्हणजे भिडूकडे काही नाही, असं समजून त्यांनी एक्का राखला आणि निरुपयोगी दुर्री टाकली. प्रोश्पेरनी पुन्हा बटण दाबलं होतं, पुन्हा पुन्हा दाबलं होतं. मी एकेक निरोप धरत होतो. पुढच्याच, शेवटच्या हाताला बार्बांना तो राखलेला एक्का टाकावाच लागला, तो उर्शुलाने हुकमाने मारला आणि ती टाळी वाजवून हसली.

तेव्हा फोनमधून आवाज आला. आधी घशात काहीतरी अडकल्यासारखा, मग गंजलेला दरवाजा उघडावा तसा.

"गा... गाढ... गाढवा!"

उर्शुला टॅबसकट गर्रकन वळली.

"कोण... कोण बोललं?" बार्बांनी विचारलं.

"गाढवा! ए... एक्का! टा... टाकायचा होता! आंध... आंधळा का रे?"

मागे कातिना किंचाळली आणि रडू लागली. बार्बा उठून उभे राहिले. फोन दोन्ही हातांत धरून ते ओरडले, "परत म्हण! प्रोश्पेर, परत म्हण!"

"गाढव!"

"हो रे बाबा, गाढव! मी गाढव! माझा बापही गाढव! अजून बोल!"

उर्शुलाने पदर नसल्यामुळे टेबलावरच्या फडक्याने डोळे पुसले. रस्त्यापलीकडून बेपो हातात वस्तरा घेऊन धावत आला आणि त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं, साबण लागलेलं एक गिऱ्हाईकही. "काय झालं? कोण शिव्या देतंय? प्रोश्पेर? अरे, मला पण दे की एक!"

त्यालाही एक मिळाली. ती मात्र मी लहान मुलांसमोर सांगणार नाही.

गडबड शांत झाल्यावर दिंकाची नजर कोपऱ्यातल्या माझ्या खिडकीकडे गेली. 'संशयास्पद निरोप अडवले', असं मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

"हाच तो! इशारा आलेला, दिदे! यानेच अडवला. थांब, याला आता मुळापासून उपटते."

मित्रांनो, त्या क्षणी माझा जीव टांगणीला लागला होता. पण बार्बांनी तिचा हात धरला.

"खबरदार! त्यानं अडवलं म्हणून तर प्रोश्पेर ओरडला. डॉक्टरांना नाही जमलं, ते या पठ्ठ्यानं केलं. त्याला पण एक ग्लास ओत."

खरंच ओतला. उर्शुलाने तो लगेच उचलला, कारण कॉम्प्युटरवर सांडला असता. पण मान मिळाला, तो मिळालाच.

दिंकाने मला हाकलण्याऐवजी शिकवलं. माझं राहिलेलं सगळं शिक्षण तिने पूर्ण केलं आणि हे इशारे घरच्या माणसाचे आहेत, त्यांना वाट दे, असं नीट सांगितलं. एवढं आधी कोणी सांगितलं असतं तर? म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. दारावर राखणदार ठेवलात तर आपलं माणूस कोण, हे त्याला सांगून ठेवा. त्याने तोंड उघडलं की माशी हाकलल्यासारखं 'नंतर' म्हणू नका. दोन ओळी वाचायला कितीसा वेळ लागतो?

आता दर रविवारी जेवणं झाली की डाव बसतो. प्रोश्पेर अडखळत का होईना, बरंच बोलतात. वाऱ्याची चौकशी करतात, होडीची करतात. इशारे आता माझ्याच हातून आत जातात, एकही अडत नाही. म्हणून एक गोष्ट फक्त मला ठाऊक आहे. प्रत्येक डावात एकदा तरी असं होतं की प्रोश्पेरचा इशारा येतो. मी तो पोचवतो, बार्बांना तो मिळतो, त्यांच्या मिशीत हसू येतं. आणि ते एक्का दाबून ठेवतात, दुर्री टाकतात आणि फोनजवळ कान नेऊन वाट बघत बसतात.

मित्रांनो, प्रोश्पेरना हे कृपा करून सांगू नका.